कंपनीचा माणूस बांधावर, शेतकऱ्याची माहिती कुणाच्या वायफायवर?

खरीप तोंडावर आला की जालना जिल्ह्यात बियाणं कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या मोटारसायकली गावोगाव फिरायला लागतात. जालना म्हणजे बियाण्यांचं माहेरघर, त्यामुळे अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर सगळीकडे हेच चित्र. पूर्वी त्यांच्या हातात वही असायची, आता मोबाइल आहे. नाव, मोबाइल नंबर, किती एकर कपाशी, मागच्या वर्षी कुठलं वाण, शेताचा लोकेशनसह फोटो, सगळं ॲपमध्ये भरलं जातं.

अडचण रेंजची. शिवारात रेंज नसली की अशी ॲप माहिती मोबाइलमध्येच साठवून ठेवतात. म्हणजे दिवसभरात भेटलेल्या शेतकऱ्यांची कुंडली संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या खिशात फिरत असते. मग तो तालुक्याला येतो, आणि लॉजवर नाहीतर हॉटेलात, जिथं वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो तिथं बसून ती वर पाठवतो. डेटा पॅक बऱ्याच जणांना स्वतःच्या खिशातून मारावा लागतो, त्यामुळे फुकटचं वायफाय दिसलं की हात तिकडं जाणारच. दोष एकट्या त्या पोराचा नाही.

आता हे वायफाय किती धोक्याचं? भीती दाखवतात तेवढं सरसकट नाही. बँकेची, यूपीआयची ॲप माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात. मधल्या माणसाला ती वाचता येत नाही. पण सगळ्याच कंपन्यांची ॲप तेवढी पक्की असतील याची खात्री कोण देणार? म्हणून मोठ्या कंपन्या व्हीपीएन वापरतात. शेतकऱ्याला सांगायचं तर उघड्या पाटानं पाणी नेणं आणि पाइपलाइननं नेणं यात जो फरक, तोच इथं. पाटाला वाटेत कुणीही फोडू शकतो, पाइप थेट विहिरीपासून शेतापर्यंत. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे, आपल्याच मोबाइलचा हॉटस्पॉट वापरायचा आणि त्याचा खर्च कंपनीनं द्यायचा.

पण खरी गळती पाइपात नाही, पाइपाच्या बाहेर आहे. ॲप अडकलं, साहेबाचा फोन आला, टार्गेट राहिलंय, की आधार कार्डाचा आणि सातबाऱ्याचा फोटो सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो ग्रुप कंपनीचा नसतो, त्यातला कोण नोकरी सोडून गेला याचा कुणाला पत्ता नसतो. फोटो मात्र सगळ्यांच्या गॅलरीत राहतो. अशा वेळी व्हीपीएन असून काय उपयोग?

दुसरी भानगड मोबाइल हरवण्याची. बसस्थानकात मोबाइल गेला तर संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, त्याचं नेटवर्क बंद होतं. आतली माहिती मात्र त्यानं पुसली जात नाही. ती लांबून पुसायची सोय कंपनीनं आधीच करून ठेवावी लागते. स्वतःच्या मोबाइलवर काम करणाऱ्या प्रतिनिधीकडं ती असेलच असं नाही.

कायदा आहे. व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती गोळा करणाऱ्या कंपनीनं ती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली. म्हणजे तोवरचे हंगाम शेतकऱ्यानं स्वतःच जपून काढायचे.

पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडली आणि खातं साफ झालं, असे प्रकार लोकांना माहीत आहेत. फसवणाऱ्याला नाव, गाव, पीक आधीच ठाऊक असलं की त्याचा फोन खरा वाटतो. एकर आणि वाण ही माहिती कुणाला किरकोळ वाटेल, पण तिची किंमत इथं कळते.

प्रात्यक्षिक प्लॉटसाठी नाव, गाव, मोबाइल नंबर पुरे. आधार मागितलं तर कशासाठी ते विचारावं, आणि द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं, ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. ओटीपी कुठल्याच प्रतिनिधीला सांगायचा नाही, ओळखीचा असला तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावायचा. जेवढा उशीर, तेवढी रक्कम अडवणं अवघड.