अमृतवेल कुणाच्या हाती द्यावी?

परभणीत अकरावीतल्या पोरीच्या दप्तरात कादंबरी सापडली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "हे परीक्षेला आहे का?" नसेल तर पुस्तक कपाटावर. लातूर-नांदेडच्या क्लासची फी भरायला ज्या घराने भाव चढायची वाट न बघता कापूस विकून टाकला, त्या घराच्या या प्रश्नाला हसण्यासारखं काही नाही. पोरीलाही ते ठाऊक असतं. म्हणूनच ती चोरून वाचते आणि पानागणिक अपराधी होत जाते.

वि. स. खांडेकरांची 'अमृतवेल' १९६७ची, तरी अजून अशीच वाचली जाते. नंदाचा नियोजित वर शेखर विमान अपघातात जातो आणि तिला जगणंच नकोसं होतं. तिचे वडील तिला पत्र लिहितात. एका वाचनालयातल्या प्रतीत मी पाहिलं, त्या पत्राच्या पानांच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या, ओळींखाली तीन वेगवेगळ्या शाईंच्या रेघा. बाकीचं पुस्तक त्या मानाने कोरं.

कादंबरीवरचे आक्षेप मला मान्य आहेत. खांडेकर दुःख पुरतं पचू देत नाहीत, लगेच सुभाषित हातावर ठेवतात. त्यातलीच आज मोबाईलच्या स्टेटसवर फिरतात. त्याहून खटकतं ते पुढचं. नंदा विलासपूरला मैत्रीण वसुंधरेच्या सोबतीला जाते आणि तिथे तिच्या नवऱ्याच्या, देवदत्तच्या जुन्या जखमाही तिच्याच वाट्याला येतात. दुसऱ्याचं दुःख सांभाळलं की बाईचं आपलं दुःख फिटतं, हा हिशोब सतरा वर्षांच्या मुलीच्या गळी का उतरवायचा?

त्यापेक्षा मिलिंद बोकीलांची 'शाळा' प्रामाणिक. आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, आणि समजूत घालायला कुणी लेखक मधे येत नाही. पण नापास झालेल्या, आतून खचलेल्या पोरीला पहिल्यांदा मी 'शाळा' देणार नाही. बुडणाऱ्याला पाण्याची खोली सांगून काय करायचं? (बघा, खांडेकर वाचले की ही अशी सवय लागते.) 'शाळा' नंतर, सावरल्यावर.

कारण तिला हवं असतं ते त्या पत्रात आहे. आमच्याकडचे बाप पत्रं लिहीत नाहीत. फोनवर "जेवलीस का" विचारतात, पैसे पाठवल्याचं सांगतात आणि ठेवून देतात. माया त्यातही आहे, पण "पुन्हा उभी रहा, मी रागावलेलो नाही" हे त्यातून पोरीने ओळखायचं कसं? ते तिला दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाकडून ऐकावं लागतं.

तेव्हा पुस्तक कपाटावर ठेवायचंच असेल तर खुशाल ठेवा. त्याआधी ते पत्र तेवढं वाचून काढा. जिंतूरची एसटी फलाटाला लागेपर्यंत होतं.