मस्टरवर नाव नाही, तर हक्क कुठला?

संप, मोर्चा आणि घोषणा म्हणजे कामगार संघटना, असा समज आपल्या चळवळीतही रूढ आहे. प्रत्यक्षात संघटनेचे रोजचे काम कायदा ठरवतो. वर्गणीच्या पावत्या, सभासदांची नोंदवही, मागणीपत्र, नोटीस आणि समेट अधिकाऱ्यापुढची तारीख, यातच तिचे दिवस जातात.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली. 1926 चा ट्रेड युनियन कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा त्यात विसर्जित झाले. आता एका आस्थापनेत अनेक संघटना असतील, तर मस्टरवरील 51 टक्के कामगार ज्या संघटनेकडे, तीच एकटी मालकाशी बोलणार. संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली. नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू होतात आणि बोलणी चालू असताना संप करता येत नाही! निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तरी तोही संपच.

यातला 'मस्टर' हा शब्द नीट वाचा. गटार उपसणारा, कचरा उचलणारा आपला माणूस कुणाच्या मस्टरवर आहे? ठेकेदाराच्या, कित्येकदा कुणाच्याच नाही. ज्याचे नावच नाही, तो टक्केवारीत कसा मोजणार?

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने सुमारे 2,700 कंत्राटी सफाई कामगारांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेऊन 2017 साली जिंकला. ते महापालिकेचेच कामगार ठरले. तरीही पुढे नावे व कागदपत्रांच्या पडताळणीत अनेकजण अडकले. निकाल हाती असूनही कागद आडवा आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 7 नोव्हेंबर 1938 रोजी संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांना रस्त्यावर उतरवले. त्याच बाबासाहेबांनी 1943 साली मजूरमंत्री म्हणून संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. रस्ता आणि कायदा, दोन्ही त्यांनी हाताळले. आपण मात्र रस्ता घेतला आणि कायदा वकिलावर सोडला.

आम्ही स्वतः वकील आहोत, म्हणून स्पष्ट सांगतो: न्यायालयात आम्ही तेवढेच सिद्ध करू शकतो, जेवढे कामगाराने जपून ठेवले आहे. ओळखपत्र, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि हजेरीची स्वतःची वही, हीच आपली शस्त्रे. चळवळीतील वकिलांनी महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या विहारात बसून ही कागदपत्रे तपासावीत. 'संघटित व्हा' या आदेशाचे पालन आज याच कामापासून सुरू होते.