विश्लेषण : कारखान्यातला प्रेशर गेज खरे का सांगत नाही?

तब्बल १०२ वर्षे जुना, १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन त्याजागी २०२५ मध्ये नवा कायदा आला. राज्यसभेने डिसेंबर २०२४ मध्ये आणि लोकसभेने मार्च २०२५ मध्ये त्याला मंजुरी दिली. किरकोळ चुकांसाठीची फौजदारी तरतूद काढून तिथे आर्थिक दंड आला. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करण्यासारखे जिवावर बेतणारे प्रकार मात्र गुन्हाच राहिले. चर्चा झाली ती शिक्षेची आणि परवान्यांची. पण बॉयलरवरचा माणूस दिवसभर ज्याच्याकडे बघून निर्णय घेतो, त्या दाबमापकाच्या आकड्यावर किती विसंबता येते?

‘१.६ टक्के अचूक’ म्हणजे काय?

डायलवर ‘क्लास १.६’ असे लिहिलेले असते. ही टक्केवारी काट्याने दाखवलेल्या आकड्याची नसून डायलच्या कमाल आकड्याची असते. बरीच गफलत इथेच सुरू होते. शून्य ते २५ बारच्या गेजमध्ये १.६ टक्के म्हणजे ०.४ बार. काटा २० वर असताना ही चूक २ टक्के भरते. तोच गेज ५ बारच्या लाइनला लावला की ती ८ टक्के होते. ‘असू दे, मोठा गेज बरा’ म्हणून स्टोअरमध्ये असेल तो बसवण्याची सवय म्हणूनच महागात पडते. दाब स्थिर असेल तर नेहमीचे काम डायलच्या मधल्या भागात, फार तर तीन-चतुर्थांशापर्यंत व्हावे, असा साधा नियम आहे.

नव्याकोऱ्या गेजची चूक कुठून येते?

बहुतेक वेळा गेजच्या बाहेरून. दाब मोजणारे उपकरण कधी एकटे नसते. पाइपाला तोटी, तिच्यावर व्हॉल्व्ह, पुढे बारीक नळी, वाफ असेल तर वळसा घातलेला सायफन, रसायन असेल तर डायफ्राम सील, त्यातून निघालेली तेल भरलेली कॅपिलरी आणि शेवटी गेज किंवा ट्रान्समीटर, अशी ती सगळी जोडणी असते. प्रमाणपत्र मिळते ते बहुधा शेवटच्या तुकड्याला.

वाचायला सोपा जावा म्हणून वाफेच्या लाइनचा गेज तीन मीटर खाली, डोळ्यांच्या उंचीवर आणला, असे समजा. मधल्या नळीत वाफेचे पाणी साचते आणि त्या पाण्याच्या वजनाने गेज सुमारे ०.३ बार जास्त दाखवतो. साखर कारखान्यातल्या ६७ बारच्या बॉयलरला हा फरक जाणवतही नाही. पण रस आटवायला जाणाऱ्या एक-दीड बारच्या वाफेत तो २० ते ३० टक्के होतो. गेज अगदी बरोबर असतो, फक्त तो वाफेसोबत पाण्याचाही दाब मोजत असतो.

दुसरा शत्रू तापमान. गेजमधली वाकवलेली धातूची नळी, म्हणजे युजीन बूर्दाँने १८४९ मध्ये शोधलेली रचना, उष्णतेने किंचित मऊ पडते. संदर्भ तापमान २० अंश धरले, तर दर दहा अंशांमागे साधारण ०.४ टक्के फरक पडू शकतो. विदर्भातल्या मे महिन्यात बॉयलर हाउसमध्ये ५० अंश असतील, तर एवढ्याचेच १.२ टक्के झाले. क्लास १ च्या गेजची सगळी सवलत इथेच संपली.

डायफ्राम सीलमध्ये हे आणखी बिघडते. आतले सिलिकॉन तेल दर अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगते. टाकीची पातळी मोजताना दोन कॅपिलरी असतात. एक उन्हात आणि एक सावलीत गेली की टाकीत काहीही न बदलता पातळी दुपारी ‘वाढते’ आणि रात्री ‘उतरते’. अशा वेळी ऑपरेटर ट्रान्समीटर बदलून मागतो. खरे तर कॅपिलरी हवी तेवढीच ठेवली, दोन्हींना सारखी लांबी आणि सारखी सावली दिली, डायफ्राम थोडा मोठ्या व्यासाचा घेतला, तरी बरेच भागते. लहान डायफ्राम ताठ असतो, त्यामुळे तेल फुगल्याची चूक तो मोठी करून दाखवतो.

महागडा ट्रान्समीटर घेऊन का भागत नाही?

हिशेब साधा आहे. समजा ट्रान्समीटरची चूक ०.१ टक्का, सील-कॅपिलरीची ०.५ आणि बसवणुकीची ०.३. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका थेट बेरजेने नव्हे, तर वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने मोजतात. एकूण चूक येते ०.५९ टक्के. आता दुप्पट अचूक, ०.०५ टक्क्यांचा ट्रान्समीटर आणला. एकूण चूक किती उतरली? ०.५८५ वर. उलट जुनाच ट्रान्समीटर ठेवून सीलची चूक ०.५ वरून ०.२ वर आणली, तर एकूण चूक ०.३७ होते. खरेदी विभागाला मात्र ब्रोशरवरचा ०.०५ दिसतो. कॅपिलरीवर पत्र्याची सावली बांधण्याचे कोटेशन कोणी पाठवत नाही.

तपासणीतही चूक राहते, ती कशी?

कॅलिब्रेशनसाठी अनेक ठिकाणी डेड वेट टेस्टर वापरतात. ठरावीक क्षेत्रफळाच्या पिस्टनवर वजने ठेवून दाब तयार करायचा. पण वजनाचा भार गुरुत्वाकर्षणावर ठरतो. जागतिक प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे, तर मुंबईत ते सुमारे ९.७८६ भरते. फरक ०.२ टक्के. वजने प्रमाण मूल्यावर तोललेली असतील आणि स्थानिक दुरुस्ती केली नाही, तर ०.१ टक्क्याचा ट्रान्समीटर ०.२ टक्के चुकलेल्या यंत्राशी जुळवला जातो, आणि प्रमाणपत्रावर शिक्काही बसतो. म्हणून एनएबीएल मान्यता आहे का एवढे विचारून थांबू नये. प्रमाणपत्रावर स्थानिक गुरुत्वाची नोंद आणि मापनातली अनिश्चितता आहे का, हेही पाहावे.

आकड्यावरचा विश्वास उडाला तर?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब साडेदहाच्या आसपास २ पीएसआय होता. अकराच्या सुमारास तो १० झाला. मधल्या काळात पाळी बदलली होती. २ ते २५ हा नेहमीचा पल्ला असल्याने नव्या पाळीला १० चा आकडा खटकला नाही. तिथली उपकरणे भरवशाची नव्हती, असे कामगारांनी नंतर सांगितले. मध्यरात्रीनंतर काटा ५५ च्या पलीकडे, डायलच्या शेवटाला गेला. गेजने त्या रात्री खरे सांगितले होते, पण सतत चुकणाऱ्या उपकरणांमध्ये खरे सांगणारे वेगळे ओळखू येत नाही.

मग सुधारणा कुठून सुरू करायची?

शक्य तिथे उपकरण सील-कॅपिलरीसकट एकत्र तपासायचे आणि शून्य जागेवर बसवल्यानंतरच जुळवायचे. पंपाजवळ काटा थरथरत असेल तर स्नबर किंवा ग्लिसरीन भरलेला गेज घ्यायचा, नाहीतर दात झिजतात. साखर कारखान्यांत ही कामे गाळप संपल्यावरच्या ओव्हरहॉलिंगमध्ये उरकतात आणि पुढचे पाच-सहा महिने कोणी बघत नाही. हंगामाच्या मध्यावर मोजक्या, धोक्याच्या ठिकाणच्या गेजची एक फेरी लावली तरी फरक पडतो.

आणखी एक जवळपास फुकटची गोष्ट आहे. दुरुस्तीआधी उपकरण किती चुकत होते, तो आकडा लिहून ठेवायचा. पुष्कळ नोंदवह्यांत फक्त दुरुस्तीनंतरचे सुबक आकडे सापडतात. तीन वर्षांचे ‘आधीचे’ आकडे हाताशी असतील, तर कोणते उपकरण सहा महिन्यांनी काढायचे आणि कोणते दोन वर्षे चालेल, हे ठरवता येते.