सोन्याचा तराजू

या सदरातून यंदा आपण रायगडावर जाऊ या, तेही एका इंग्रजाच्या डोळ्यांनी.

6 जून 1674 रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर काय होते, ते त्याने लिहून ठेवले आहे. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सुवर्ण मत्स्यमुखे. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एक सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा. मासा मात्र मोगल दरबारातले मानचिन्ह! वेदमंत्रांनी अभिषेक झालेल्या राजाच्या सिंहासनाशेजारी ही सगळी चिन्हे एकत्र होती.

शाळेत इतिहास शिकवताना मी अष्टप्रधानांची नावे मुलांकडून पाठ करून घेत असे. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, डबिरांचे सुमंत. मुले एका दमात म्हणून दाखवत. पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. काम तेच, माणसे तीच, मग नावे का बदलायची?

कारण हे राज्य कोणा बादशहाने बहाल केलेली जहागीर नव्हते. ते स्वतःच्या पायावर उभे आहे, हे कागदावर, नाण्यावर आणि हुद्द्यांतही दिसायला हवे होते. म्हणून नवा राज्याभिषेक शक आला, होनावर आणि शिवराईवर देवनागरी अक्षरे आली. रघुनाथपंत हणमंत्यांवर राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवले गेले. सुमारे चौदाशे शब्दांचा हा कोश. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले.

राज्याभिषेकाची परंपरा तरी कुठे आयती मिळाली होती? महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी असा सोहळा पाहिलेला नव्हता. मूळच्या पैठणच्या घराण्यातले गागाभट्ट काशीहून आले, त्यांनी जुन्या ग्रंथांतून विधी जुळवला.

पण परंपरा म्हणून सगळेच डोळे मिटून घेतले, असेही नाही. पिढीजात वतन ही आपल्याच मातीतली जुनी रीत. देशमुख-पाटील गढ्या बांधून रयतेला नाडत. महाराजांनी त्यांच्या मनमानीला आळा घातला, गढ्या पाडायला लावल्या आणि शक्यतो रोख पगारावर भर दिला. प्रधानपदेही वंशपरंपरेने दिली नाहीत. मोगली मासा ठेवला आणि आपल्याच घरची वतनदारी आवळली. राज्यकर्त्याची निवड इथे दिसते.

ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊनही आला होता. वादळाने किनाऱ्याला लागलेली गलबते परत मिळावीत, असे एक कलम होते. कोकणच्या रिवाजात हे बसत नाही, आणि तुम्हाला दिले तर फ्रेंच-डच हेच मागतील, असा महाराजांचा आक्षेप होता. दुसरी मागणी, कंपनीचे नाणे राज्यात चालावे. त्यावर म्हणणे असे की कोणत्याही नाण्याला मनाई नाही, पण तोटा सोसून ते घेण्याची सक्ती आपण रयतेवर करणार नाही. नाणे कसाला आणि वजनाला उतरले की आपोआप चालेल. सिंहासनाजवळचा तराजू नुसता शोभेचा नव्हता, तो असा.

पुढे काय टिकले? लोक ‘पेशवे’च म्हणत राहिले. अर्ज, हुकूम, कागद, जमीन हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. महाराजांनंतरच्या धामधुमीत वतनेही पुन्हा वाटली गेली आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. शब्द बदलले नाहीत म्हणून राज्याचे फारसे बिघडले नाही. वतनाची शिस्त सुटली तेव्हा मात्र बिघडले.

हाउन्सलोत वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपण फेटा बांधतो, जयजयकार शिकवतो. ते शिकवावेच. त्याबरोबर हेही सांगावे की परंपरा शोधावी लागते, पारखावी लागते आणि अन्यायाची असेल तर आपल्याच घरची असली तरी आवरावी लागते. मुलगी आणि मुलगा यांना वेगळा नियम लावणारी एखादी रीत आपण सामानात घालून इथवर आणली असेल, तर आधी ती तराजूत घालावी.

कंपनीची जुनी दफ्तरे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या हाउन्सलोहून पिकॅडिली लाइनने गाडी न बदलता किंग्ज क्रॉसला उतरायचे की पुढे थोडेच चालणे. नाताळच्या सुट्टीत मुलांना तिथवर नक्की न्या, आणि वाटेत त्यांना विचारा: सिंहासनाशेजारी तराजू कशाला?