बाबा जी हरळी उपटतात, तिचंच करिअर होतं!

२३ सप्टेंबर २०२२ची संध्याकाळ आठवते? नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी होती. लोक तिकिटं काढून आत बसलेले, दोन्ही टीम तयार, आणि टॉस काही होईना. आधीच्या पावसानं मैदान ओलं होतं. अम्पायर यायचे, पाहणी करायचे, परत जायचे. शेवटी रात्री साडेनऊला मॅच सुरू झाली, तीही २० नाही, ८ ओव्हरची. रोहित शर्मानं २० चेंडूंत नाबाद ४६ ठोकल्या, आपण जिंकलो, खूश होऊन घरी गेलो.

रोहित सगळ्यांनी पाहिला. ते मैदान सुकवायला झटणारी माणसं किती जणांनी पाहिली?

आज त्यांच्याच कामाबद्दल बोलायचंय. त्याला टर्फ मॅनेजमेंट म्हणतात. सोप्या भाषेत, खेळाच्या मैदानावरचं गवत आणि त्याखालची माती सांभाळायचं शास्त्र. क्रिकेटची पिच, फुटबॉलचं मैदान, गोल्फ कोर्स, मुंबई-पुण्याचे रेसकोर्स, सगळं यातच आलं.

घरी सांगून बघा. उत्तर ठरलेलं आहे. ‘गवत कापाले कालेज लागते काय रे?’

उपटायचं की जगवायचं?

आमच्या सिहोऱ्याकडं सगळी धानाची शेती. पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी, निंदण हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. आणि हरळी म्हणजे शत्रू, हेही शिकवावं लागत नाही. वरून कितीही उपटा, जमिनीखालची एक कांडी राहिली तरी पुन्हा फुटते. म्हणूनच बाबा तिला शिव्या देतात.

आता गंमत बघा. बाबांची हरळी, गणपतीची दुर्वा आणि जगभरच्या मैदानांवरचं बर्म्युडा गवत हे एकच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तुडवलं तरी पुन्हा उभं राहतं, उन्हात टिकतं, जमिनीच्या वर आणि खाली दोन्हीकडून पसरतं. ज्या गुणांमुळं ती शेतात नको, त्याच गुणांमुळं ती मैदानात हवी.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं याच गवताचे संकर केले. त्यातला टिफवे १९६० मध्ये आला आणि पुढं देशोदेशीच्या मैदानांवर गेला. या संकराला उगवणारं बी धरत नाही. मग लावायचं कसं? कांड्या आणून, जमिनीत रोवून. म्हणजे रोवणीच की!

पाणी धरणं येतं, सोडणं शिका

पण एवढ्यावर ‘आपल्याला सगळं येतं’ असं समजू नका. खरा फरक पुढं आहे.

आपण चिखलणी का करतो? मातीतली छिद्रं बंद व्हावीत आणि बांधीत पाणी थांबावं म्हणून. मैदानाला नेमकं उलटं हवं असतं. चांगल्या आउटफिल्डखाली वाळूचा थर, त्याखाली खडी आणि छिद्रांचे पाइप असतात. पाऊस पडला की पाणी खाली उतरून निघून जायला हवं. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर तर जमिनीखालून हवेच्या दाबानं पाणी ओढणारी यंत्रणा बसवली आहे.

पिचचं गणित अजून वेगळं. तिथं चिकण माती हवी, ती रोलरनं दाबायची, पाणी मोजून द्यायचं. मुंबईच्या लाल मातीला एक न्याय, आपल्या काळ्या मातीला दुसरा. चुकलं की सगळ्या जगासमोर चुकतं. २०१५ मध्ये जामठ्यावरची भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी तीन दिवसांत संपली आणि आयसीसीनं त्या पिचला ‘खराब’ असा शेरा दिला.

मातीतल्या चिकण कणांचं प्रमाण, मुळांची खोली, पाण्याचा सामू, बुरशी, कापणीची उंची, हे सगळं अंदाजानं होत नाही. गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा साधा नियमसुद्धा मोडला की मुळं कमजोर होतात. कॉलेज लागतं ते यासाठी.

वाट कुठून जाते?

बारावी सायन्स, मग सीईटी देऊन चार वर्षांची बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या. आपल्या विदर्भासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचं कृषी महाविद्यालय नागपुरातही आहे. पुढं एम.एस्सी.ला फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंग घेतलं तर हिरवळीचा अभ्यास करता येतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं फुलशेती संशोधन संचालनालय पुण्यात आहे. क्रिकेटमध्येच जायचं असेल तर बीसीसीआयनं क्युरेटरसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम घेतले आहेत, राज्य संघटनेकडं चौकशी करा.

हे काम ‘खालचं’ आहे असं अजूनही वाटतंय? मुंबईला रणजी जिंकून देणारे कॅप्टन आणि भारताकडून कसोटी खेळलेले सुधीर नाईक पुढं वानखेडेचे क्युरेटर होते. बीसीसीआयचे अनेक वर्षं मुख्य क्युरेटर राहिलेले दलजित सिंग प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले.

आता कडू गोष्टी

फक्त गोड सांगणं म्हणजे क्लासची जाहिरात. मला ती करायची नाही.

जागा थोड्या आहेत. पोलिस भरतीसारखी हजारोंची जाहिरात इथं निघत नाही. पदवी असली तरी सुरुवात खुरपं आणि पाइप हातात घेऊनच होते. पहाटे उठायचं, उन्हात राबायचं, मॅच चांगली झाली तर नाव खेळाडूचं आणि बिघडली तर तुमचं. २०२३च्या आशिया कप फायनलनंतर मोहम्मद सिराजनं आपल्या बक्षिसाची रक्कम कोलंबोच्या मैदान कर्मचाऱ्यांना दिली. २०२४च्या आयपीएलनंतर बीसीसीआयनं दहा नियमित मैदानांच्या कर्मचारी आणि क्युरेटरना प्रत्येकी २५ लाख जाहीर केले. छान वाटलं. पण बक्षीस म्हणजे पगार नव्हे. नोकरी धरण्याआधी पगार आणि पीएफ नीट विचारून घ्या.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्याव्या लागल्या. माझ्या मते ते बरोबरच झालं. चांदपूर जलाशयाचं पाणी कधी सुटणार याची वाट बघणाऱ्या घरातल्या पोरानं ‘गवताला पाणी हवं’ असं कोणत्या तोंडानं म्हणावं?

पण म्हणूनच या क्षेत्रात आपली पोरं हवीत, असं मला वाटतं. कमी पाण्यात हिरवळ कशी टिकवायची, वापरलेलं पाणी शुद्ध करून कसं फिरवायचं, हे प्रश्न यापुढं मोठे होणार आहेत. पाण्याची किंमत ज्याला घरात कळली, तो पाइप उघडा सोडून जाणार नाही.

सुरुवात आजच

यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. सकाळी भरतीसाठी जिथं धावता, त्या मैदानाकडं एकदा खाली वाकून बघा. पाणी कुठं साचतं? गवत कुठं मेलंय, कुठं तग धरून आहे? कोपऱ्यातली दहा बाय दहा फुटांची जागा मागून घ्या. शेतातून उपटलेली हरळी फेकू नका, तिथं लावा. कापा, पाणी किती दिलं ते वहीत लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या.

वर्षभरानंतरही वही उघडावीशी वाटली, तर सीईटीचा फॉर्म भरताना हा पर्याय डोक्यात ठेवा. नाही वाटली, तरी गावाला दहा फूट हिरवळ मिळेल. नुकसान कुणाचंच नाही.

फक्त उपटलेली हरळी धुऱ्यावरून न्यायच्या आधी बाबांना सांगा. नाहीतर पोरगं पुन्हा तेच बियाणं पेरतंय, असं त्यांना वाटायचं!