तासाभराचे विमान, अर्ध्या दिवसाचा प्रवास



मुंबईहून औरंगाबादला, म्हणजे सरकारदरबारी आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विमानाने किती वेळ लागतो असे कोणालाही विचारा. उत्तर येते, 'तासभर.' कांदिवलीत राहणाऱ्याने या उत्तरावर विसंबू नये. विमान आपल्या दारातून सुटत नाही आणि नातेवाइकांच्या अंगणात उतरत नाही.

जरा हिशेब मांडू. कांदिवली पूर्वेहून हायवेने विमानतळ पहाटे पाऊण तासात येतो. सकाळी नऊ वाजता त्यालाच दीड तास लागू शकतो. विमान कंपन्या दोन तास आधी बोलावतात. सामान घेण्याचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि गेट पंचवीस मिनिटे आधी. वेळापत्रकात प्रवास तास-सव्वा तासाचा. चिकलठाण्याला उतरून सामान घ्यायचे आणि शहरात पोहोचायचे, म्हणजे आणखी पाऊण तास. बेरीज पाच तासांच्या आसपास जाते. वंदे भारत गाडीला मुंबईहून साडेपाच ते सहा तास लागतात. त्यात कांदिवलीहून लोकलने दादर गाठायचे धरले, तरी विमानाने वाचतात ते दोन-अडीच तास. भाड्यातला फरक मात्र मोठा असतो.

मग हवेत विमान किती वेळ असते? सरळ रेषेत हे अंतर तीनशे किलोमीटरही नाही. जेट विमान ते पाऊण तासाच्या आतच कापते. उरलेला वेळ जातो मुंबईत, जमिनीवर. इथल्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एक विमान उतरते, मग एक सुटते, आणि बाकीची रांगेत उभी राहतात. परत येताना हीच रांग आकाशात लागते. विमान उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालते. नवख्या प्रवाशाला वाटते की काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते, पाळी आलेली नसते एवढेच.

आता विमानतळ कोणता, हेही तिकिटावर नीट वाचावे लागते. सांताक्रूझचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ यांमध्ये बाहेरच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे. त्यात नवी मुंबईच्या विमानतळाची भर पडली. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरअखेरीस तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. कांदिवलीच्या माणसाला तो मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला. स्वस्त तिकीट तिथले निघाले, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. सहारला मेट्रोने जाता येते: आकुर्लीहून गुंदवली, तिथून पुलावरून घाटकोपर-वर्सोवा मेट्रो, मरोळ नाक्याला बदलून भुयारी मेट्रो ३. तरुण माणसाला पाठीवर एक पिशवी असेल तर उत्तम. गुडघे दुखणाऱ्या अम्मींना तीन मेट्रो आणि तेवढे सरकते जिने सोपे नाहीत. शिवाय पहाटेच्या विमानाला मेट्रो उपयोगाची नाही, ती सुरूच झालेली नसते.

इतके सगळे असूनही एक प्रसंग असा असतो की हे दोन-अडीच तासच सर्वस्व होतात. गेल्या वर्षी आमच्या घरी तो आला.

रात्री अकरा वाजता औरंगाबादहून फोन आला. माझ्या सासूबाईंच्या धाकट्या भावाचा इंतकाल झाला होता. जोहरच्या नमाजनंतर दफन ठरले. आपल्याकडे मय्यत थांबवत नाहीत, आणि थांबवा असे सांगणेही बरोबर नाही. रात्रीची देवगिरी निघून गेली होती. सकाळची तपोवन दुपारी पोहोचते; ती जरा उशिरा आली तर मय्यत घरातून उठलेली असणार. बायका कब्रस्तानात जात नाहीत. अम्मींना भावाचा चेहरा पाहायचा तर तो घरीच, जनाजा निघण्याआधी. राहिले सकाळचे विमान. नेहमीच्या तिप्पट भाडे देऊन दोन तिकिटे काढली. अम्मी बहात्तर वर्षांच्या आणि आधी कधी विमानात बसलेल्या नव्हत्या.

त्या पहाटे मला कळले, की म्हाताऱ्या माणसाला उडण्याची भीती फारशी नसते. भीती असते ती अनोळखी कायद्यांची. 'इथे कशाला थांबवले? पिशवी कुठे नेली? बुरखा काढायला सांगतील का?' अम्मी हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. तपासणीच्या ठिकाणी स्त्रियांसाठी पडद्याआडची वेगळी जागा असते आणि तिथे सीआयएसएफच्या महिला जवानच तपासतात. ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवावा लागला, तर महिला जवानाला दाखवते एवढे शांतपणे सांगावे. आम्ही सांगितले, त्यांनी ऐकले. चेहरा स्कॅन करून आत सोडणारी 'डिजियात्रा' ऐच्छिक आहे. साधे आधार कार्ड आणि तिकीट दाखवून जाता येते.

विमान सुटले तेव्हा अम्मींनी माझा हात घट्ट धरला आणि सफरची दुआ पुटपुटत राहिल्या. चाके आत जाताना खाली धप्प आवाज होतो. थोड्या वेळाने इंजिनाचा सूर एकदम खाली येतो. दोन्ही गोष्टी रोजच्या आहेत, पण त्या आधी सांगून ठेवलेल्या बऱ्या. पाणी पिऊन होते न होते तोच उतरण्याची सूचना झाली. आम्ही दहाच्या आत घरी होतो. अम्मी भावाच्या उशाशी बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी तिकिटाचा हिशेब कोणी काढला नाही.

अशा घाईच्या वेळी काय लागते, ते आता सांगते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव. आपल्यात 'शेख' हे एक आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. 'मोहम्मद'चे तर विचारूच नका. कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत. तिकिटावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही, तर दारावरच अडचण होते. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला एजंटने घातलेल्या चुकीच्या नावामुळे तासभर बाहेर उभे राहावे लागले. तिकीट काढताना आधार कार्ड समोर ठेवा आणि अक्षर अन् अक्षर तसेच लिहायला सांगा.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीत ठेवा. सुके खोबरे मोठ्या बॅगेत घालू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरले जाते. चालणे जमत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. उतरताना कान दुखतात, कारण विमानातला हवेचा दाब भराभर बदलतो. गोळी चघळावी, घोट गिळावा. तान्हे बाळ झोपले असेल तर उतरताना जागे करून दूध पाजावे.

नमाजचे म्हणाल तर उड्डाण इतके छोटे आहे, की बहुतेक वेळा ती चढण्याआधी किंवा उतरल्यावर अदा करता येते. रमजानमध्ये संध्याकाळचे विमान असेल तर एक लक्षात ठेवा. औरंगाबाद पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे दहा मिनिटे आधी मावळतो. पण उंचावर विमानातून तो दिसतच राहतो. जो डोळ्यांना दिसतो त्या सूर्याप्रमाणेच इफ्तार, असे उलमा सांगतात. चार खजूर जवळ असू द्या.

विमान रखडले तर गप्प बसू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे अशा छोट्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, की खाणे-पाणी देणे कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतले आपण निवडायचे. वेळेत न कळवता कंपनीच्याच कारणाने विमान रद्द झाले, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० आणि एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपयांपर्यंत भरपाई आहे. तिकिटाचे मूळ भाडे आणि इंधन शुल्क त्याहून कमी असेल तर तेवढी रक्कम. पाऊस-धुक्यासारख्या कारणांना ही भरपाई नाही, पैसे परत मात्र मिळतात. दाद लागली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा'वर तक्रार करता येते.

लग्नाला, ईदला, सुट्टीला जायचे तर खुशाल गाडीने जा. डबा उघडा, मुलांना कसारा घाट दाखवा. विमानाचा पैसा त्या दिवसासाठी राखून ठेवा, ज्या दिवशी दोन तासांना मोल असते. आणि आजच एक कागद करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: गावाकडच्या गाड्यांच्या आणि विमानांच्या वेळा, घरातल्या प्रत्येकाचे आधारप्रमाणे नाव, आणि रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या टॅक्सीवाल्याचा नंबर. अल्लाह करो, तो कागद आनंदाच्या सफरीलाच कामी येवो.