देहाची मिरवणूक कशाला?



चातुर्मासात आपण अनित्य भावनेवरचं प्रवचन ऐकतो आणि माना डोलावतो. देह पुद्गल आहे, भाड्याचं घर आहे, हे पाठशाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. आणि घरात कुणी गेलं की त्याच रिकाम्या घराची सजावट आपण काढतो. वैकुंठी सजवा, बँड सांगा, हार मागवा, चंदन आणा. माझं मत सरळ आहे. यातलं काहीच आपल्या धर्मात सांगितलेलं नाही, आणि बरंचसं धर्माच्या उलट आहे.

मागच्या पौषात आमच्या सासूबाई इथे न्हावऱ्यात, राहत्या घरी गेल्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. वय 89. शेवटच्या दिवशी साध्वीजींकडून संथारा घेतला आणि नवकार ऐकत गेल्या. त्याआधी वर्षभर त्यांनी सगळ्यांना समोर बसवून काय करायचं ते सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. (बी.कॉम. झालेली बाई आहे मी, तोंडी व्यवहार मला पटत नाही.) बँड नको, वैकुंठी नको, फुलं नकोत, शाली नकोत, आणि कुणासाठी थांबू नका.

हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. बाई सकाळी सहाला गेल्या. चेन्नईच्या नणंदबाई दिवस मावळायच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. "बर्फाची पेटी मागवू, उद्या सकाळी नेऊ," असं भावकीतल्या चौघांनी सांगितलं. मी नाही म्हटलं. वहीत सही होतीच, पण बाईंनी कारणही सांगून ठेवलं होतं. पन्नवणा सूत्रात संमूर्च्छिम मनुष्य जिथे उपजतात अशी चौदा स्थानं सांगितली आहेत, त्यात निर्जीव कलेवरही आहे. अंतर्मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांच्या आत, तिथे जीवोत्पत्ती सुरू होते असं आपण मानतो. आयुष्यभर जिने पाणी गाळून आणि उकळून प्यायलं, तिचं कलेवर रात्रभर ठेवून आपण कुणाचं समाधान करणार होतो?

नणंदबाईंनी व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतलं. त्या अजून माझ्याशी मोकळ्या बोलत नाहीत. लेकीला आईचं तोंड शेवटचं बघायचं असतं, हे मला कळतं. मीही कुणाची लेक आहे. तरी पुन्हा अशी वेळ आली तर मी हेच करीन. शब्द बाईंचा होता, तो मोडायचा हक्क ना माझा ना त्यांचा.

आता फुलं. आपण स्थानकवासी. स्थानकात आपण फुलाची पाकळीही नेत नाही, वनस्पतीकायाची विराधना होते म्हणून. मग तिरडीवर चाळीस हार कसे चालतात? शालींचंही तेच. सासरे गेले तेव्हा मी मोजल्या होत्या, 43 शाली. त्यातल्या निम्म्या तरी लोकांनी लाजेपोटी आणल्या असतील. या वेळी निरोपातच कळवलं, शालीचे पैसे गोशाळेत चाऱ्याला द्या. काहींनी दिले, काहींनी तरी शाल आणलीच.

सरणाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तिकडे बायकांचं लक्ष जात नाही. पुण्यासारख्या शहरात असाल तर विद्युतदाहिनी निवडा. तेउकायाची हिंसा तिथेही आहे, पण लाकडातले त्रसजीव तरी वाचतात. आमच्याकडे लाकडाशिवाय पर्याय नव्हता. एका सरणाला 300 ते 400 किलो लाकूड सहज लागतं. वखारीतलं लाकूड वाळवी लागलेलं असतं, भुंग्यांनी पोखरलेलं असतं. गोवऱ्यांच्या खाली किडे असतात, ओलसर असतील तर फारच. माझ्या मुलाने आणि पुतण्याने एकेक ओंडका आपटून, झटकून पाहिला. चार ओंडके बाजूला काढले. अर्धा तास गेला. जयणा म्हणतात ती हीच. लोखंडी दाहिनी असेल तर खालून हवा खेळते आणि लाकूड कमी लागतं, तेही विचारून घ्या.

मी स्मशानात गेले. कुणी अडवलं नाही.

राख घोड नदीत सोडायची, असं काहींचं म्हणणं होतं. पाण्याच्या थेंबात असंख्य अप्काय जीव मानणारे आपण, नदीत राख कशी ओतणार? आम्ही आमच्या शेताच्या बांधाला खड्डा घेतला आणि बुजवला.

2015 आठवतं ना? 10 ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदेशीर ठरवला, तेव्हा आपला समाज ठिकठिकाणी मौन मोर्चे काढून रस्त्यावर उतरला. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देहाची आसक्ती सोडायचा हक्क हवा म्हणून आपण शांतपणे चाललो. मग ज्याने ती आसक्ती सोडली त्याच्याच देहापुढे बँड का वाजवतो? मारवाडातून वाडवडिलांबरोबर मोसरची चालही आली होती. राजस्थानात मृत्युभोजाविरुद्ध 1960 सालीच कायदा झाला. आपल्याकडे मोसर गेला म्हणतात, पण उठावण्याच्या दिवशीचा नाश्ता बघितला की तो कुठे गेला ते कळतं.

"मारवाड्यांनी पैसे वाचवले," असं ओट्यावर कुणीतरी म्हणालं, मला ऐकू आलं. वाचले, खरंच आहे. ते जीवदयेला दिले. नसते दिले तरी मला त्यात गैर वाटलं नसतं.

तुमच्या घरात वडीलधारं माणूस असेल तर ते शुद्धीवर आणि आनंदात असताना विचारा. नेत्रदान करायचं का तेही विचारून ठेवा, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचावी लागतात. आणि एक कागदाचं काम. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्या. 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा, त्यानंतर विलंब शुल्क लागतं आणि उशीर वाढेल तशी कटकट वाढते. आधार कार्डावरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या. बँक, पोस्ट, विमा, सातबारावरची वारसनोंद, सगळीकडे एकेक मागतात.